जावयबापूंचा कप

माझ्या मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा एका कपामुळे मोडता मोडता राहिला. कप चहाचा होता. चहा उत्तम होता, दूध घरच्या म्हशीचं होतं, आलंही बेताचं होतं. चहाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

तसा मी निरुपद्रवी माणूस आहे. बिरवाडीच्या बाजूला एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालो आणि महाडात घरी बसलो. बसलो म्हणजे खरोखरच बसलो! खिडकीशी बसून बाहेर बघत राहणं हा माझा पूर्णवेळचा उद्योग. माझ्या बायकोच्या, म्हणजे सुलभाच्या मते, मी कारखान्यातही हाच उद्योग करत होतो, फक्त तिथे त्याचा पगार मिळायचा. बघता बघता मला काहीतरी दिसायला लागतं. समोर असतं ते सोडून भलतंच. समोर भाजीवाल्याची गाडी उभी असते आणि मला दिसत असते संथ सावित्री, तिच्यावर धुकं, धुक्यात एक होडी, होडीत कुणीच नाही. "अहो, दूध उतू गेलं!" ही हाक माझ्यापर्यंत पोहोचते तोवर होडी बरीच लांब गेलेली असते. (दूधही.)

कपांचं असंच झालं. एका संध्याकाळी एसटी स्टँडबाहेरच्या टपरीवर चहा पीत उभा होतो. वारा सुटला आणि टपरीमागच्या ढिगातून वापरलेले कागदी कप बाहेर पडले. गडगडत, एकमेकांना ढुशा देत, सगळे एकाच दिशेला निघाले. उताराने गटाराकडे, आणि तिथून पुढे सावित्रीत, हे महाडातल्या माणसाला सांगायला नको. संध्याकाळच्या उन्हात ते पांढरे कप इतके निमूट चालले होते की मला वाटलं, कुणीतरी यांना हाक मारून परत बोलवायला हवं. दोन घोटांसाठी बिचारे जन्माला आले आणि निघालेही! मला एकदम गलबलून आलं.

"काका, साखर कमी पडली काय?" टपरीवाल्याने विचारलं.

त्या दिवसापासून मी स्वतःचा स्टीलचा कप घेऊन हिंडतो. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत कप. चहा प्यायचा, कप झटकायचा, पिशवीत टाकायचा. हाताला याची इतकी सवय झालीय की तो आता डोक्याला विचारत नाही. पिशवीला कायम चहाचा वास येतो आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांच्या कोपऱ्यांना पिवळे डाग पडतात.

"उद्या कुणी तान्हं मूल हातात दिलं ना," सुलभा म्हणते, "तर तेही झटकून पिशवीत टाकाल!"

सुलभाचा धाकटा भाऊ दिनकर पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत राहतो. भातशेती, भात निघाल्यावर वाल, दोन म्हशी. त्याची सोनल मुंबईत एका दवाखान्यात कामाला आहे. तिचं पाचाडच्या प्रशांतशी ठरलं. ठरलं म्हणजे त्या दोघांचं आपसांत केव्हाच ठरलं होतं, गणपतीला आणि शिमग्याला एकाच एसटीने गावी येता येता! ते आता वडीलधाऱ्यांनी ठरवलं, असं दोन्ही घरांनी समजून चालायचं होतं, एवढंच. अडचण होती ती प्रशांतच्या थोरल्या काकांची. तात्या. गडाखाली त्यांची खानावळ आहे. माणूस मनाचा मोकळा, पण मानपानाच्या बाबतीत अगदी कडक. दुसऱ्या एका पुतण्याचं जमत आलेलं लग्न त्यांनी मोडलं होतं, कारण मुलीकडच्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सोबत गूळ ठेवायला विसरले.

साखरपुडा वाडीवर, दिनकरच्या अंगणात करायचा ठरला. तयारीची खरेदी करायला दिनकर महाडला आला आणि आमच्याकडे टेकला.

"भावोजी, नारळ झालं, सुपाऱ्या झाल्या, पेढं सांगितलं. आता कागदी कप घेतो नि गाडी पकडतो."

"कागदी कप?" मी अशा काही आवाजात म्हणालो की उठलेला दिनकर परत खाली बसला.

कारण मला दिसायला लागलं होतं. साखरपुडा झाल्यानंतरची सकाळ. वाडीवर दव पडलेलं. वालाच्या वेलांवर जांभळी-पांढरी फुलं, आणि फुलांच्या मध्ये, वाऱ्याने येऊन अडकलेले, तळाशी चहाचा डाग असलेले कप! बांधाबांधाने कप. ओढ्यात कप. दिनकरची म्हैस निवांत उभी आहे आणि तिच्या तोंडातून अर्धा कप बाहेर आलेला आहे. मी हे सगळं त्याला जसंच्या तसं सांगितलं. वेलांपर्यंत त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. म्हशीपाशी मात्र तो हलला.

"मंग चाय कशात द्यायचा, भावोजी? वंजळीत?"

"सोपं आहे," मी म्हणालो. "सगळ्यांना निरोप द्यायचा. येताना आपापला कप घेऊन या!"

आतून सुलभा बाहेर आली. तिच्या हातात पोळपाट होता, पण तिचा चेहरा जास्त भीतिदायक होता.

"रोज सकाळी चवदार तळ्याला फेरी मारता ना तुम्ही?" ती म्हणाली. "तिथे काय झालं ते पाठ आहे ना तुम्हाला? ज्यांच्या आज्या-पणज्यांना चहाचा कप वेगळा ठेवायचे, बाहेर खुंटीला टांगलेला, त्यांची माणसं येणार आहेत साखरपुड्याला. सोनलच्या दवाखान्यातल्या मैत्रिणी आहेत, दिनूचे मित्र आहेत. त्यांना तुम्ही 'तुमचा कप तुम्ही आणा' सांगणार? या महाडातून?"

मी खाली बघितलं. खरंच लाज वाटली. माझ्या होडीत बसून मी बरंच काही बघतो, पण हे मला दिसलं नव्हतं.

"सगळ्यांनी एकाच ढिगातले कप उचलायचे," सुलभा म्हणाली, "आणि ते आपण द्यायचे."

"मग वाडीतल्या घरोघरचे गोळा करू!" मी लगेच म्हणालो. (माझी लाज फार वेळ टिकत नाही.)

दिनकरने डोकं खाजवलं. "वाडीची भांडी हायत की. टोप, पराती, ताटं, समदं मंडळाचं हाय. कप तेवढं नाय. नि घरातलं कप बायका द्यायच्या नाय. मी मागाया गेलो तर दारातनंच परत धाडतील." मग तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "पर तुमी पडलात जावई!"

हे मात्र खरं होतं. सुलभा त्या वाडीची मुलगी, म्हणून मी अख्ख्या वाडीचा जावई. लग्नाला इतकी वर्षं झाली, केस पांढरे झाले, तरी वाडीत शिरलो की म्हाताऱ्या बायकासुद्धा डोक्यावरून पदर घेतात. जावयाला नाही म्हणायची तिथे रीत नाही. आजवर या मानाचा मी एक जास्तीचा मोदक खाण्यापलीकडे काही उपयोग केला नव्हता.

संध्याकाळी सोनलचा मुंबईहून फोन आला.

"आतोबा, चहाचं तुम्ही बघणार म्हणे?"

"हो! तू काळजीच करू नकोस."

"तुम्ही बघणार म्हणूनच काळजी वाटतेय. आतोबा, ते तात्या एका गुळाच्या खड्यावरून उठून गेले होते. मला प्रशांतशीच लग्न करायचंय. दुसऱ्या कुणाशी नाही. प्लीज, त्या दिवशी तेवढं... तुमच्या त्या होडीत बसू नका. आतोबा? ऐकताय ना?"

ऐकत होतो. खिडकीबाहेर दिवेलागण होत होती आणि मला अंगणभर वाफाळणारे कप दिसत होते, पण ऐकत होतो.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी डोक्यावर टोपी, हातात टोपली अशा थाटात वाडीत फिरलो. दिनकर म्हणाला होता ते पटलं. कुणी नाही म्हटलं नाही. पण प्रत्येक कपाबरोबर एकेक अट टोपलीत पडत गेली.

"जावयबापू, ह्याचा कान तुटलाय. पाव्हन्यांना देव नका, आपल्यातल्याला द्या."

"हा लई गरम चाय सोसत नाय, तडकतो. ह्याच्यात कोमट घाला."

"ही कपबशी माझ्या लग्नातली. बशी बी मोजून घेईन हां!"

शेवटी कुणाचा कप कुठला हे ओळखू यावं म्हणून बायकांनी बुडाला नेलपॉलिशच्या खुणा केल्या. कुणी लाल ठिपका, कुणी गुलाबी रेघ, कुणी नुसतीच फुली. वाडीतली सगळी नेलपॉलिश त्यात संपली आणि दुसऱ्या दिवशी वाडीतली एकही मुलगी नखं रंगवून मांडवात आली नाही!

टोकाच्या घरी यशोदाकाकी राहते. एकटीच असते. तिने माझ्या टोपलीकडे पाहिलं, मग फळीकडे पाहिलं. फळीवर धुतलेल्या फडक्याखाली कप झाकलेले होते. पांढरे, नाजूक, निळ्या फुलांचे.

"सखारामनं आणल्यात," ती म्हणाली. "मुंबयला पयला पगार झाला तवा. गाडीत मांडीवर घेऊन बसला रातभर, झोपला नाय. शिमग्याला येतो तवा ह्याच्यातनं चाय पितो. मी नाय काढत एरवी."

"राहू दे काकी, नको मग," मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

"न्या वो. सोनीचं काम हाय. पोरगी माझ्या अंगणात वाढली." तिने एकेक कप पदराने पुसून माझ्या हातात दिला. "पर बापू, तुमी सोता ध्यान ठेवा."

"काकी, जिवापाड जपेन!"

(हे वाक्य मी पुढे कैकदा ऐकलंय. वाडीतली लहान मुलंही आता ते माझ्या आवाजात म्हणून दाखवतात.)

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचाडची मंडळी गाडी करून आली तेव्हा खालच्या दरीत अजून धुकं भरलेलं होतं. घाटाची वळणं दिसत नव्हती, नुसती गाडीची घरघर वर येत होती. दिनकरने तात्यांना गूळ-पाणी दिलं. मग विसरला तर काय म्हणून पुन्हा एकदा दिलं. तात्यांनी दोन्ही वेळा गूळ खाल्ला आणि मिशांवरून हात फिरवला. सुरुवात झकास झाली.

मग चहा आला. परातींमधून, रांगेने. वाडीतले सगळे कप, एकाचं तोंड एकासारखं नाही. कुणावर गुलाब, कुणावर मोर, कुणावर सोनेरी काठ. कुणीही कुठलाही उचलत होतं. सोनलच्या मैत्रिणींनी उचलले, तात्यांनी उचलला, मांडव घालणाऱ्यांनी उचलले. कुणाला वेगळा नाही, कुणाला राखीव नाही. मीही परातीतला उरलेला शेवटचा कप उचलला आणि अंगणाच्या कडेला, दरीच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

आणि मी काय पाहिलं! सगळ्या कपांमधून वाफ निघत होती. ती हळूहळू वर जाऊन दरीतून वर येणाऱ्या धुक्यात मिसळत होती. वाफ कुठली आणि धुकं कुठलं ते कळेना. सगळं अंगण जमिनीपासून हातभर वर तरंगतंय असं वाटायला लागलं. माणसं बोलत होती पण आवाज लांबून येत होते. पलीकडच्या डोंगराचा फक्त माथा दिसत होता, तोही जरासा हलत होता, नांगर टाकलेल्या होडीसारखा. मला फार, फार बरं वाटलं. असं कधी कधीच वाटतं माणसाला.

सुलभाचं कोपर बरगडीत बसलं तेव्हा माझे हात रिकामे होते आणि जिभेवर आल्याची चव होती.

"जरा मांडवाकडे बघा," ती दातांवर दात ठेवून म्हणाली. "काय चाललंय ते!"

मी बघितलं. वाडीतल्या झाडून सगळ्या बायका मांडवात हजर होत्या, आणि एकीचंही लक्ष नवऱ्या मुलाकडे नव्हतं. प्रत्येक बाई आपापल्या कपाकडे टक लावून बसली होती.

"त्या टकल्या पाव्हन्याच्या हातात माझा मोर हाय गो!"

"माझा त्या पोरीकडं. बघ बघ, जमिनीवर ठेवला! लाथ लागंल कुणाची!"

प्रशांतची मावशी फुंकर मारून चहा पीत होती आणि समोर एक बाई, तिच्याशी ओळख ना पाळख, तिचा प्रत्येक घोट डोळ्यांनी मोजत होती. मावशीने गोंधळून कप दुसऱ्या हातात घेतला. बाईनेही मान त्या बाजूला वळवली. शेवटी मावशीने कप अर्धा भरलेलाच परत दिला. तात्या हात धुवायला म्हणून घरामागे गेले, हातात कप तसाच. त्यांच्यामागून मोरीपर्यंत एक बाई गेली आणि खांबाआड उभी राहिली! तात्या परत आले तेव्हा त्यांच्या मिशा जरा वेगळ्या दिसत होत्या.

"दिनकरराव," ते म्हणाले, "तुमच्याकडं पाव्हन्यांवर राखण ठेवायची पद्धत हाय काय?"

"नाय नाय तात्या, काय बोलताय! आनखी गूळ आणू?"

तिकडे मागच्या दारी कप धुऊन नेलपॉलिशच्या खुणांप्रमाणे लावले जात होते. मोर मिळाला. कान तुटलेला मिळाला. (तो नेमका तात्यांच्या वाट्याला गेला होता, हे मला नंतर कळलं.) आणि मग यशोदाकाकीचा आवाज आला, बारीक, दबलेला.

"माझा येक नाय गो."

सगळ्यांनी शोधलं. टोपल्या उलट्या केल्या, गवताच्या उडवीमागे बघितलं, चुलीची राखसुद्धा उकरली. काकी बाकीचे निळे कप मांडीवर घेऊन नुसती बसली होती. तिचा लेक रात्रभर मांडीवर घेऊन बसला होता, तसेच. मला तिच्याकडे बघवेना. जिवापाड जपेन म्हणालो होतो मी! तेवढ्यात दोन बायकांनी पाहुण्यांच्या पर्सकडे बघून कुजबुज सुरू केली आणि मी ठरवलं की आता आपण पुढे व्हायला हवं. नाजूक प्रसंग होता. हळुवारपणे हाताळायला हवा होता.

मी माईक हातात घेतला.

"मंडळी," मी शक्य तितक्या मृदू आवाजात म्हणालो, आणि तो आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. "पाहुण्यांपैकी कुणाकडे चुकून, अगदी चुकून हं, एक निळ्या फुलांचा कप गेला असेल, तर कृपया आणून द्यावा. कोण, काय, आम्ही काहीही विचारणार नाही!"

दरीतून "विचारणार नाही... नाही..." असं ऐकू आलं. सुलभाने कपाळाला हात लावला. सोनल पाटावर बसली होती, समोर प्रशांत, मध्ये ताटात अंगठ्या. अजून एकही बोटात गेली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही.

तात्या उभे राहिले.

"आमी काय कप चोराया आलोय हितं? माझी खानावळ हाय! कप धुण्यात माझा जलम गेला! मगासपासनं बघतोय, घोट घ्यावा तर बाया डोळं वटारतात, हात धुवावा तर मागं मागं येतात. वर कान तुटल्याला कप दिला, बोललो नाय. आता माईकवरनं चोर म्हणतात! चला रे. गाडी चालू करा!"

ड्रायव्हरने खरंच गाडी चालू केली. प्रशांत उठला, बसला, पुन्हा उठला. दिनकर गुळाची वाटी घेऊन तात्यांच्या पुढ्यात आडवा झाला. "बाबा!" एवढंच सोनल म्हणाली आणि तिने तोंड ओंजळीत झाकलं. माझ्या वाफेपायी, माझ्या धुक्यापायी हिचं लग्न मोडणार होतं! मी माईक घट्ट धरला.

"तात्या, थांबा!" मी माईकमधून ओरडलो. "राग माझ्यावर काढा. हे कपांचं खूळ माझं. पोरीचा यात काही दोष नाही. आणि पाहुण्यांवर संशय कोण घेईल? कपाची किंमत काय असते ते मला विचारा! महाडात मी स्वतःचा कप बरोबर घेऊन फिरतो, दुसऱ्याच्या कपाला बोटही लावत नाही. माझ्यासारखा माणूस तुमच्यावर आळ घेईल? हा बघा, हा बघा माझा कप!"

आणि मी पिशवीत हात घालून कप बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसावा म्हणून उंच धरला.

स्टीलच्या कपाला फुलं कुठून आली, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. निळी आहेत, हा दुसरा.

ड्रायव्हरने गाडी बंद केली. कपाच्या तळाशी उरलेला एक थेंब ओघळून माझ्या बाहीत गेला आणि माझ्या हाताने, सवयीने, कप झटकला.

"जावयबापू," यशोदाकाकी म्हणाली. "तुमी?"

इतका वेळ सगळीकडे शोधाशोध झाली होती, राख उकरली होती, पाहुण्यांच्या पर्सपर्यंत नजर गेली होती. पण ढळढळीत खांद्याला लटकणाऱ्या त्या पिशवीकडे कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. जावयाच्या पिशवीत कोण बघणार!

पहिल्यांदा तात्यांच्या मिशा हलल्या. मग पोट हलायला लागलं. मग ते मटकन खुर्चीत बसले आणि असे हसले, असे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. (दिनकरने गूळही दिला.)

"मुलीकडचा जावईच चोर निघाला!" डोळे पुसत ते म्हणाले. "आता बोला! प्रशांत, बस खाली. अंगठी घाल. ही सोयरीक आता मोडायची नाय. असं घर पुन्हा गावायचं नाय आपल्याला!"

मानपानाच्या माणसाला आणखी काय हवं? जन्मभराचा वरचष्मा मिळाला होता त्यांना. अंगठ्या बोटांत गेल्या, टाळ्या वाजल्या, सोनल रडता रडता हसली. माझा स्टीलचा कपही पुढे सापडला. आदल्या दिवशी मीच तो टोपलीत टाकला होता आणि दिनकरच्या बायकोने त्यात विरजण लावलं होतं.

निघताना तात्या म्हणाले, "काकी, ज्या कपापायी येवढं झालं, त्याच्यातनं घोटभर चाय पाजा. चवच बघतो."

यशोदाकाकी जरा थांबली. मग तिने तो कप दोनदा धुतला, पुसला आणि भरून आणला. "प्या की. पर हितंच बसून प्या," ती म्हणाली, "माझ्या म्होरं." तात्या निमूटपणे तिच्यासमोर बसून प्यायले.

वैशाखात लग्नही त्याच अंगणात झालं. माझ्या मनात होतं तसंच, घरोघरच्या कपांनी. यावेळी बायकांनी आपण होऊन कप आणले, कारण आता त्या कपांना नाव झालं होतं. तात्यांनीही खानावळीतले कप गवतात गुंडाळून गाडीतून वर आणले, आणि प्रत्येकाच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावून! सखाराम रजा काढून आला आणि आईने निळ्या फुलांच्या कपातून त्याला सगळ्यांदेखत चहा दिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी उठलो आणि शेताकडे गेलो. मला भीती वाटत होती, आपल्याला दिसतं ते आणि असतं ते कधी एक नसतं म्हणून. पण बांधावर काही नव्हतं. ओढ्यात पाणी कमी होतं, पण त्यात काही अडकलं नव्हतं. म्हैस रवंथ करत होती आणि तिच्या तोंडात गवत होतं, नुसतं गवत. आयुष्यात पहिल्यांदाच मनात धरलेलं स्वच्छ शेताचं चित्र आणि समोरचं शेत दोन्ही सारखी निघाली. मला इतका आनंद झाला की मी बांधावरच बसलो आणि बसून राहिलो.

परत आलो तर अंगणात सगळे चहा पीत होते. मोर होता, गुलाब होते, सोनेरी काठ होते. मी बसलो तशी यशोदाकाकी डोक्यावरून पदर सारखा करत आतून आली. हातात पितळी ताट, त्यात हळद-कुंकू, सुपारी, आणि मधोमध, खास माणूस धाडून पोलादपूरहून आणवलेला, अख्ख्या लग्नातला एकुलता एक कागदी कप!

"घ्या जावयबापू," ती अदबीने म्हणाली. "मानाचा हाय."

जावयाला बोल लावायची वाडीत रीत नाही. मी तो कप घेतला. चहा उत्तम होता. दरीत धुकं नव्हतं, तरी मी जरा वेळ तिकडे बघत राहिलो. भानावर आलो तेव्हा हात रिकामा होता, कप झटकून पिशवीत गेलेला होता, आणि सगळ्या बायकांनी माना वळवून निर्धास्तपणे आपापला चहा प्यायला सुरुवात केली होती.